सॅम्पल घ्या, पण लॅबला लगेच पाठवू नका!

आजचा विषय लघवीचा आहे, त्यामुळे जेवता जेवता ऐकत असाल तर आधीच सॉरी. पण मी सॉफ्टवेअरवाला, आणि मला ही गोष्ट आमच्याच धंद्यातली वाटली. एका डिफॉल्ट सेटिंगची.

समजा, ऐंशीच्या आजी घरात पडल्या आणि असंबद्ध बोलायला लागल्या. घरचे त्यांना इमर्जन्सीत नेतात. डॉक्टर यायच्या आधीच नर्स युरिनचं सॅम्पल घेते, कारण नंतर हवं तेव्हा लघवी होईलच असं नाही. सॅम्पल आहेच, मग लॅबलाही जातं. रिपोर्टमध्ये बॅक्टेरिया दिसतात, अँटिबायोटिक सुरू होतं आणि कारण सापडलं म्हणून सगळे निर्धास्त.

पण या वयात युरिनमध्ये बॅक्टेरिया असणं फार कॉमन आहे. नर्सिंग होममध्ये राहणाऱ्या वयस्कर बायकांमध्ये 25 ते 50 टक्के जणींच्या युरिनमध्ये ते सापडतात, काहीही त्रास नसताना. म्हणून अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेची, आयडीएसएची, 2019 ची गाइडलाइन सांगते की नुसता गोंधळ किंवा पडणं असेल, लघवीचा त्रास नसेल, तापबिप नसेल, तर आधी दुसरी कारणं शोधा आणि पेशंटवर लक्ष ठेवा. आजींचं सोडियम उतरलेलं असू शकतं, पाणी कमी पडलेलं असू शकतं, नवी गोळी बाधलेली असू शकते. रिपोर्ट हातात आला की हा शोधच थांबतो, मला खरी भीती त्याची वाटते. वर अँटिबायोटिकचे जुलाब आणि औषधाला न जुमानणारे बॅक्टेरिया आहेतच. (आपल्याकडे चेकअपच्या पॅकेजमध्ये 'युरिन रुटीन' असतंच, तेव्हा हसू नका.)

जळजळ, ताप, कंबरेत दुखणं असेल तर टेस्ट हवीच. गरोदरपणात तर त्रास नसला तरी करतात. ते वेगळं.

आता डॉक्टरांना लेक्चर देऊन हे सुटतं का? गर्दीच्या इमर्जन्सीत लेक्चर कोणाच्या लक्षात राहणार! टोरोंटोच्या मायकेल गॅरन हॉस्पिटलने वेगळाच उपाय केला. सॅम्पल घ्यायचं, पण कल्चर लावायचं नाही. ट्यूबमध्ये बोरिक ॲसिड असतं, त्यामुळे सॅम्पल टिकतं. पेशंटला तपासल्यावर डॉक्टरांना गरज वाटली तर ते लॅबला सांगतात, मग कल्चर लागतं. आधी इमर्जन्सीत येणाऱ्या दर 100 जणांमागे साधारण 6 कल्चर व्हायची, ती 5 च्या खाली आली. आकडा छोटा वाटेल, पण तिथे वर्षभरात किती लोक येतात बघा.

त्याच शहरातल्या माउंट सायनाय हॉस्पिटलने वॉर्डांमध्ये अजून एक पाऊल पुढे टाकलं. हा अभ्यास 2014 मध्ये छापून आला. कॅथेटर नसलेल्या पेशंटचं कल्चर पॉझिटिव्ह आलं तरी रिझल्ट आपोआप स्क्रीनवर यायचा नाही. त्याऐवजी निरोप दिसायचा: यूटीआयचा संशय असेल तर लॅबला फोन करा. लक्षणं नसताना अँटिबायोटिक मिळणाऱ्यांचं प्रमाण 48 टक्क्यांवरून 12 वर आलं. पेशंट मोजकेच होते, 31 आणि 33, हेही सांगायला हवं. पण खरा इन्फेक्शनवाला कोणी उपचाराविना राहिला का, हे त्यांनी मुद्दाम तपासलं. तसा एकही सापडला नाही. आणि लॅबला फोन? फारच थोडे आले.