एका रानांतले दोन वांटेकरी

कोल्हापूरकडील कोरडवाहू रानांत ज्वारीच्या कांहीं ओळींनंतर तुरीची एक ओळ पेरण्याची रीत जुनी आहे. एका जमिनीवर दोन वांटेकरी आले म्हणजे दोघांचेंही पोट अर्धें राहील, अशी शंका शहरवासीयांस सहज येते. निसर्गाचा हिशेब मात्र निराळा आहे.

ज्वारीचीं तंतुमय मुळें बहुतांशीं वरच्या थरांतील ओल शोषितात. तुरीचें सोटमूळ खोल जातें. तूर आरंभीं सावकाश वाढते. ज्वारी कापल्यावर मोकळें झालेलें ऊन तिच्या वांट्यास येतें. शिवाय तिच्या मुळांवरील गांठींत राहणारे सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र बांधून तिला पुरवितात. म्हणून जमिनींतल्या नत्रासाठीं ज्वारीशीं तिची ओढाताण कमी होते.

अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत डेव्हिड टिल्मन व त्यांचे सहकारी यांनीं हें तत्त्व कसोटीस लाविलें. १९९४ सालीं त्यांनीं १६८ वाफ्यांत १, २, ४, ८ किंवा १६ जातींच्या वनस्पति पेरल्या. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें, १६ जातींच्या वाफ्यांतील वनस्पतींचें वजन एकेकट्या जातीच्या वाफ्यांच्या सुमारें २.७ पट भरलें.

तथापि नुसती गर्दी म्हणजे विविधता नव्हे. एकाच थरांतलें पाणी एकाच वेळीं मागणारीं पिकें शेजारीं लाविलीं, तर भांडणच वाढेल.

पंचगंगेच्या कांठीं दूरवर एकटा ऊस उभा दिसतो. लावणीनंतर पहिले कांहीं महिने त्याच्या ओळींमधील जागा मोकळीच असते. तेथें भुईमूग वा सोयाबीन घेणारा शेतकरी ज्वारी-तुरीचाच धडा गिरवितो. पुढें रोग किंवा बाजारभाव उसावर उलटला, तरी एक पीक त्याच्या पदरांत पडलेलें असतें.