शस्त्रक्रियेपूर्वी गुरांस भूल देण्याची तयारी

शिंगाचा कर्करोग, चाऱ्याबरोबर पोटात गेलेली तार अथवा खिळा, अडलेले वेत, म्हशींत आढळणारा छातीच्या पडद्याचा हर्निया, अशा अनेक विकारांवर शस्त्रक्रिया हाच खरा उपाय होय. शस्त्रक्रिया म्हटली की पशुपालकास भीती वाटते ती सुरीची. वस्तुतः नीट तयारी न केलेल्या जनावरास सुरीपेक्षा भुलेपासूनच अधिक धोका संभवतो. ही तयारी बऱ्याच अंशी आदल्या दिवशी, पशुपालकाच्या गोठ्यातच व्हावयाची असते.

रवंथ करणाऱ्या जनावरांचा विशेष धोका

गाय, बैल, म्हैस, शेळी व मेंढी यांच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांपैकी पहिला कप्पा म्हणजे कोटीपोट. मोठ्या जनावरात त्यात शंभर लिटरांहून अधिक पदार्थ मावतो. तेथे चारा सतत आंबत असतो आणि पोटभर खाल्लेल्या मोठ्या जनावरात तासाला तीस लिटर किंवा त्याहूनही अधिक वायू तयार होऊ शकतो. जागे जनावर ढेकर देऊन हा वायू बाहेर टाकते. भुलेत ढेकर थांबते, वायू मात्र तयार होतच राहतो. पोट फुगून छातीच्या पडद्यावर दाब पडतो, श्वास अपुरा होतो आणि हृदयाकडे परत येणारे रक्तही कमी होते.

दुसरा धोका याहून घातक आहे. भुलेमुळे घसा शिथिल होतो व पोटातील पातळ चारा तोंडाकडे उलटतो. शुद्धीवर असलेले जनावर तो गिळून टाकते. भुलेतील जनावरास ते साधत नाही. असा चारा किंवा लाळ श्वासनलिकेत उतरल्यास जनावर जागीच गुदमरते, अथवा पुढे फुफ्फुसदाह होऊन दगावते.

उपास : केव्हा व किती

यासाठी जनावरास उपाशी ठेवणे अगत्याचे असते. मोठ्या गुरांचा चारा व आंबोण सामान्यतः १८ ते २४ तास आणि पाणी सुमारे १२ तास आधी बंद करतात. शस्त्रक्रिया सकाळी नऊ वाजता असेल, तर शेवटचा चारा आदल्या दिवशी दुपारी तीनपूर्वी व शेवटचे पाणी रात्री नऊपूर्वी द्यावे. शेळ्यामेंढ्यांचा चारा १२ ते १८ तास व पाणी ८ ते १२ तास आधी बंद करतात. दूध पिणाऱ्या वासरास मात्र दीर्घ उपास घडवू नये. त्याच्या रक्तातील साखर लवकर घटते. म्हणून त्याचे दूध केवळ दोन ते चार तास आधी तोडतात. कडक उन्हाळा, अशक्तपणा किंवा गाभणपण असल्यास पशुवैद्य या वेळांत बदल करतात व तेच प्रमाण मानावे.

उपासाने कोटीपोट रिकामे होत नाही. परंतु त्यातील आंबण्याची क्रिया व दाब दोन्ही कमी होतात. जनावर दावणीला हंबरू लागले की घरातील कोणीतरी कळवळून त्यापुढे पेंडी टाकते. ही माया जनावराच्या जिवावर बेतू शकते. म्हणून गव्हाण साफ करावी, अंथरलेले गवत काढून टाकावे आणि घरातील सर्वांस तशी समज द्यावी. एवढे करूनही जनावराने काही खाल्लेच, तर ते पशुवैद्यापासून लपवू नये. शस्त्रक्रिया एक दिवस पुढे गेल्याने होणारे नुकसान जनावर गमावण्यापेक्षा खचित थोडे आहे. तातडीच्या प्रसंगी उपासास अवधी नसतो. तेव्हा शेवटचे खाणे केव्हा झाले ते अचूक सांगावे.

तपासणी व वजन

भूल देण्यापूर्वी पशुवैद्य जनावराचे तापमान, नाडी, श्वास व कोटीपोटाची हालचाल तपासतात. निरोगी गुराचे तापमान सुमारे ३८ ते ३९.३ अंश सेल्सिअस असते. पापणीची आतील बाजू पांढुरकी दिसल्यास रक्तक्षय असण्याचा संभव असतो. गोचीड, जंत किंवा गोचीडताप ही त्याची कारणे असू शकतात. मानेची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश पूर्ववत झाली, तर शरीरातील पाणी कमी झाले आहे असे समजावे. असे दोष आढळल्यास, निकड नसेल तर, प्रथम त्यांवर उपचार करणे श्रेयस्कर असते. गाभणपणाचे महिने, खोकला, पूर्वीचे आजार, दिलेली औषधे व नुकतीच केलेली गोचीडनाशकाची फवारणी ही माहिती पशुपालकानेच द्यावयाची असते.

औषधाची मात्रा वजनावर ठरते. काटा नसल्यास फितीने अंदाज काढता येतो. पुढील पायांमागून छातीचा घेर व खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत मोजावी. घेरास घेराने व पुन्हा लांबीने गुणून ३०० ने भागले असता वजन पौंडांत मिळते. घेर ६४ इंच व लांबी ५० इंच असलेल्या बैलाचे वजन सुमारे ६८३ पौंड, म्हणजे ३१० किलो भरते. हा हिशेब महत्त्वाचा आहे. १९६२ साली जर्मनीत तयार झालेले झायलाझिन हे गुंगीचे औषध गुरांस घोड्याच्या सुमारे एक-दशांश मात्रेतच पुरते. शेळी त्याला याहूनही नाजूक असते. गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यांत ते शक्यतो टाळतात, कारण त्याने गर्भाशय आकुंचन पावते. अशी औषधे पशुवैद्यावाचून कोणीही टोचू नयेत.

बरीचशी कामे, जसे पोटातील तार काढणे, कूस बधिर करून जनावर उभे ठेवूनच करता येतात. तरीही गुंगीत ते मध्येच खाली बसू शकते; म्हणून अशा वेळीही, निकड नसल्यास, उपास पाळावाच.

जागा व नंतरची काळजी

जागा सावलीची, सपाट व मऊ असावी. पेंढ्याचा जाड थर देऊन त्यावर ताडपत्री पसरावी. कठीण भूमीवर फार वेळ एका कुशीवर पडल्यास पुढच्या पायाची शीर दबून पाय लुळा पडतो. मानेखाली पेंढ्याची उशी देऊन तोंड घशापेक्षा खालच्या पातळीवर ठेवावे, म्हणजे लाळ बाहेर वाहून जाते.

शस्त्रक्रिया संपताच जनावरास छातीवर बसते करून दोन्ही बाजूंनी आधार द्यावा. डावी भकाळी फुगत असल्यास लगेच पशुवैद्यास सांगावे. जनावर स्थिर उभे राहून नीट गिळू लागेपर्यंत पाणी पाजू नये. नंतर थोडे थोडे पाणी व मग मूठभर चारा द्यावा. जनावर पुन्हा रवंथ करू लागले, हे सुधारणेचे उत्तम लक्षण होय. दुभत्या जनावराचे दूध केव्हापासून वापरावे, हेही पशुवैद्यास विचारून घ्यावे.

या साऱ्या तयारीस पैसा थोडाच लागतो. लागते ती दक्षता. एका रात्रीचा उपास व खरी माहिती एवढे पशुपालकाने दिले, तर बैल पुन्हा जुवाखाली व गाय पुन्हा दावणीला उभी राहण्याची आशा पुष्कळ वाढते.