राजा, राणी आणि भिंग

बँकेत असताना माझ्या टेबलाच्या खणात एक भिंग असायचं. चेकवरची सही आणि नमुना-कार्डावरची सही ताडून पाहण्यासाठी. चौतीस वर्षांत हजारो सह्या या नजरेखालून गेल्या. एखाद्या अक्षराची गाठ जरा सैल पडली, तरी मला खटकायचं. त्यामुळे दोन माशांपैकी नर कोणता नि मादी कोणती, हे ओळखणं मला जड जाईल असं कधी वाटलंच नव्हतं.

झालं असं, की नातीच्या हट्टापायी आमच्या नेरूळच्या घरात काचेची टाकी आली. वाशीच्या एका दुकानातून दोन एंजल मासे आणले. चपटे, चंदेरी, अंगावर काळे उभे पट्टे. "जोडी आहे काका, बिनधास्त घेऊन जा," दुकानदार म्हणाला. घरी पोचेपर्यंत नातीनं नावंही ठेवून टाकली, राजा आणि राणी. त्यातला राजा कोण, हे मी ठरवलं. अंगानं थोराड, खाणं टाकलं की पहिला घुसणारा, तो राजा. मागे थांबणारी ती राणी. यात विचार करण्यासारखं काय होतं?

सात-आठ महिन्यांनी एका सकाळी फिल्टरच्या नळीवर खसखशीसारख्या अंड्यांच्या रांगा दिसल्या. दोघंही आळीपाळीनं परांनी वारा घालत होती. घरात आनंदीआनंद. पण दुसऱ्या दिवशी अंडी पांढरी पडली, मग त्यांवर बुरशी धरली. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तसंच झालं, तेव्हा मी बोलून गेलो, "राणीतच काहीतरी दोष दिसतोय."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"सासूबाईंनीही असंच ठरवलं होतं," बायको आतूनच म्हणाली.

आमच्या लग्नानंतर सहा वर्षं मूल नव्हतं. डॉक्टर, उपास, नवस, शेजारणींचे सल्ले, सगळं तिच्या वाट्याला आलं. मलाही एकदा तपासावं, हे कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही. पुढे मुलगा झाला आणि विषय मिटला, असं मी धरून चाललो होतो. तिच्या खात्यात ती नोंद अजून तशीच होती.

त्या रात्री मी जुनं भिंग शोधून काढलं, आणि माशांवरची दोन-तीन पुस्तकंही आणली.

एंजल ज्या कुळातला, त्याचं नाव सिक्लिड. आफ्रिका, मध्य आणि दक्षिण अमेरिका, मादागास्कर अशा ठिकाणी पसरलेलं हे प्रचंड गोत. त्यातले मोजके मासे आपल्याकडचेही आहेत, आणि त्यातला एक निघाला आमच्या मालवणकडच्या खाडीतलं काळुंदर! ब्लॉख नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं 1790 मध्ये त्याची नोंद केली आणि शास्त्रीय नावात सुरत घातली. लहानपणी किती काळुंदरं खाल्ली असतील! आईची ओळखण्याची रीत सोपी होती. चिरल्यावर गाभोळी निघाली की मादी. जिवंतपणी मात्र काळुंदराचे नर-मादी वरून सारखेच दिसतात. काठीला किंवा दगडाला चिकटवलेली अंडी दोघं मिळून राखतात, पिल्लंही दोघं सांभाळतात. आमच्या बँकेच्या भाषेत, संयुक्त खातं.

या गोतात सगळेच असे नाहीत. आपल्या तळ्यांत पसरलेली चिलापी 1952 मध्ये परदेशातून भारतात आणली गेली. तिचा नर विणीच्या काळात काळा पडतो, गळा पांढुरका होतो. मादी अंडी तोंडात घेऊन फिरते. क्रिबेन्सिस नावाच्या आफ्रिकन माशात उलट प्रकार. तिथं मादी लहान, पण पोटावर चेरीसारखा लाल रंग तिच्याच. दिवाणखान्यात भाग्यासाठी ठेवतात त्या फ्लॉवरहॉर्नच्या नराला कपाळावर मोठं टेंगूळ येतं. (भाग्य कोणाचं, ते विचारू नये. बहुधा विकणाऱ्याचं.)

एंजलच्या बाबतीत यातलं काहीच उपयोगी नाही. आकारावर भरवसा नाही, कपाळाच्या उंचवट्यावर नाही, दांडगाईवर तर मुळीच नाही. खात्रीची खूण एकच. अंडी घालण्याच्या एक-दोन दिवस आधी पोटाखाली एक बारीकशी नळी बाहेर येते. नराची निमुळती, टोकदार; मादीची जाड आणि बोथट. एवढीच सही, आणि तीही दोन-चार दिवसांपुरती.

चौथ्या खेपेला मी भिंग घेऊन टाकीसमोर स्टूल टाकून बसलो. राणीची नळी जाड, बोथट. राजाची पाहिली. पुन्हा पाहिली. तीही जाड, बोथट. थोड्या वेळानं राजानं नळीवर पोट घासत शिस्तीत अंड्यांची रांग घातली, आणि तिच्याशेजारी राणीनं आपली. नर नसला की दोन माद्या जोडी करतात, अंडी घालतात, राखतात, असं पुस्तकात होतं. अंडी एकीच्या मानानं फार होती, हेही आधीच दिसायला हवं होतं.

मी स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं, "राणीत दोष नव्हता." जरा थांबून म्हणालो, "तुझ्यातही नव्हता. मी तपासून घ्यायला हवं होतं."

बायकोनं गॅस बारीक केला. "चहा टाकू?" एवढंच म्हणाली. पण संध्याकाळी टाकीशी येऊन बराच वेळ उभी राहिली.

दुकानदार एक मासा बदलून द्यायला तयार होता. नात म्हणाली, "आबा, मग उरलेली एकटी पडेल ना?" बायकोनंही मान हलवली. जाणकार सांगतात, की एंजलची जोडी विकत आणूच नये. पाच-सहा लहान मासे एकत्र वाढवावेत आणि त्यांचं त्यांना जमवू द्यावं. तशी सहा पिल्लं आणून गॅलरीत वेगळ्या टाकीत सोडली आहेत. अजून रुपयाच्या नाण्याएवढीच आहेत. कोण काय, हे कळायला आठ-दहा महिने लागतील. नातीनं नावं ठेवायचं तोवर पुढे ढकललंय.

मोठ्या टाकीतल्या दोन राण्यांनी परवा पुन्हा अंडी घातली. बायको नळीशेजारचा दिवा मालवून म्हणाली, "आज भिंग नको. राखू दे त्यांना."