तापलेल्या धातूचा प्रतिध्वनि

वर्धा जिल्ह्यांतील गिरड या गांवीं शेख फरीदबाबांची टेकडी आहे. तिच्यावर नारळासुपारीसारखे गोल दगड विखुरलेले आढळतात. बाबांची थट्टा करणाऱ्या दोघां फिरत्या व्यापाऱ्यांचा सारा माल त्यांच्या प्रभावानें दगड झाला, अशी कथा भाविक सांगतात. जुन्या गॅझेटियरांतहि ती नमूद आहे. भूशास्त्राची कथा निराळी. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं ज्वालामुखीच्या रसाचे थर या प्रदेशावर पसरले. ते निवतांना त्यांत बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, आणि पुढें क्षारयुक्त पाण्यानें त्या झिओलाइट जातीच्या खनिजांनीं भरल्या. वस्तूचें रूप दोन्ही कथांत पालटतें. दुसरींत उष्णतामान किती होतें याचीहि विचारपूस होते, इतकाच भेद.

झिओलाइट हें नांव १७५६ सालीं क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञानें दिलें. दगड तापवितांच उकळल्यासारखा फेसाळतो, हें पाहून त्यानें ग्रीक भाषेंतून ‘उकळता दगड’ अशा अर्थाचा शब्द बनविला. या कुळांतील नॅट्रोलाइट व स्कोलेसाइट यांच्या अंगीं एक विशेष गुण आहे. त्यांचा स्फटिक दाबला असतां त्याच्या पृष्ठांवर विद्युत्‌भार उत्पन्न होतो. क्वॉर्ट्झमध्यें हाच गुण जाक व पिएर क्यूरी या बंधूंनीं १८८० सालीं दाखवून दिला. उलटपक्षीं अशा स्फटिकाला विजेचा झटका दिला, तर तो थरथरतो. आणि ही थरथर सेकंदास वीस हजारांहून अधिक वेळां झाली, म्हणजे मनुष्याच्या कानाला ऐकूं न येणारा श्राव्यातीत ध्वनि निर्माण होतो. पहिल्या महायुद्धांत लांझव्हँ यांनीं पाणबुड्यांच्या शोधासाठीं क्वॉर्ट्झ वापरला, आणि १९२८ सालीं रशियांत सोकोलोव्ह यांनीं धातूंतील दोष याच रीतीनें शोधावे असें सुचविलें.

आज चंद्रपूर अथवा कोराडी येथील औष्णिक वीजकेंद्रांसारख्या ठिकाणीं या ध्वनीचें मोल फार आहे. तेथें वाफेचें उष्णतामान ५४० अंश सेल्सिअसच्या घरांत किंवा त्याहून वर असतें. कोळशाची राख वाहतां वाहतां बाष्पकाच्या नळ्या बाहेरून झिजविते. एखादी नळी फुटली कीं सबंध संच बंद ठेवावा लागतो, आणि जवळ माणूस असेल तर त्याच्या जिवावरच बेततें. म्हणून नळीची जाडी वरचेवर मोजावी लागते. नळीच्या बाहेरच्या अंगाला संवेदक लावून लहर आंत सोडावयाची, ती आंतल्या अंगावरून परत किती वेळानें येते तें पाहावयाचें, आणि वेगावरून जाडी काढावयाची. पोलादांत हा वेग सेकंदास सुमारें ५,९०० मीटर. तेव्हां ५ मिलिमीटर जाडीच्या नळींत लहरीच्या जाण्यायेण्यास सेकंदाच्या दहा लक्षाव्या भागाच्या पावणेदोन पटींहून अधिक वेळ लागत नाहीं!

संच थंड करून मोजमाप घेणें सोपें. परंतु तशी संधि क्वचित् येते. संच चालू असतां मोजावयाचें तर एक फसवी अडचण आड येते. पोलाद तापलें कीं त्यांतील ध्वनीचा वेग मंदावतो. दर ५५ अंशांस सुमारें एक टक्का, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. नळी ४५० अंशांवर असेल, आणि यंत्र मात्र थंड पोलादाच्या वेगावर लावलेलें असेल, तर प्रतिध्वनि उशिरा येतो व ५ मिलिमीटरची नळी यंत्राला ५.४ मिलिमीटरची भासते. चूक आठच टक्क्यांची; पण ती नेमकी धोक्याच्या बाजूस, कारण बदलावयास हवी ती नळी शाबूत ठरते.

शिवाय खुद्द स्फटिकालाहि उष्णता सोसत नाहीं. क्वॉर्ट्झची रचना ५७३ अंशांस पालटते. नेहमींच्या संवेदकांतील शिसें, झिर्कोनियम व टायटेनियम यांची कृत्रिम मृत्तिका सामान्यतः ३५० अंशांच्या सुमारास आपला गुण गमावते, आणि त्याच्या निम्म्या उष्णतेपलीकडे तिच्यावर कोणी भिस्त ठेवीत नाहीं. झिओलाइटांतून तर पाणीच निघून जातें. त्यांचा येथें उपयोग नाहीं. लिथियम नायोबेट हा स्फटिक सुमारें ११५० अंशांपर्यंत गुण राखतो. मात्र प्राणवायु कमी पडला तर तो आपल्या अंगचा प्राणवायु सोडूं लागतो. यावर सर्वांत साधा तोडगा असा कीं, स्फटिक दूर थंड जागीं ठेवावा व लहर एखाद्या लांब धातूच्या कांबीनें किंवा तारेनें तप्त जागीं पोंचवावी. धातूवर लेसर किरणांचा आघात करून न स्पर्शतां लहर उठविण्याची युक्तिहि आहे, पण ती महाग.

तामिळनाडूंतील कल्पाक्कम येथें हा प्रश्न वेगळ्या रूपानें उभा आहे. तेथील प्रायोगिक जलद प्रजनक अणुभट्टी १९८५ च्या ऑक्टोबरांत सुरू झाली. तिच्यांत उष्णता वाहून नेण्याचें काम वितळलेलें सोडियम करतें. तें चांदीसारखें अपारदर्शक असल्यानें आंतलें कांहींच डोळ्यांना दिसत नाहीं. मे १९८७ मध्यें इंधन हालवितांना आंतील भाग वाकले, आणि भट्टी १९८९ पर्यंत बंद राहिली. पुढें तेथल्याच ५०० मेगावॅटच्या नव्या भट्टीसाठीं सोडियमखालून श्राव्यातीत लहरींनीं चांचपणी करणारें यंत्र तयार करण्यांत आलें. इंधन हालविण्यापूर्वीं वाटेंत कांहीं डोकावत तर नाहीं ना, हें त्यानें पाहावयाचें. भट्टी बंद असतांना सोडियम सुमारें २०० अंशांवर असतें, त्यामुळें उष्णता येथें तितकीशी आड येत नाहीं. आड येतें तें भिजणें. संवेदकाचें तोंड सोडियमनें पुरतें भिजलें नाहीं, मध्यें वायूचा पातळ पापुद्राहि राहिला, तर लहर तेथूनच मागें फिरते.