बालवर्गातील संगीत : सूर, ताल आणि वाढणारे मूल



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची ओळख या सभागृहात करून देण्याची आवश्यकता नाही. बालवर्गाच्या खोलीतून सकाळी ऐकू येणारी त्यांची पेटी आपल्यापैकी अनेकांच्या कानांत अजून असेल. त्यांच्या नावाच्या व्याख्यानासाठी विषय निवडताना म्हणूनच मला फारसा विचार करावा लागला नाही. अडचण एवढीच, की मी मराठीचा अध्यापक; संगीताचा जाणकार नव्हे. किंबहुना मी सहा वर्षांचा असताना एका शाळेत (ती कोणती, हे सांगण्याचे कारण नाही) प्रार्थनेच्या वेळी गुरुजींनी मला सांगितले होते, "तू नुसते ओठ हलव." त्या गोष्टीला सत्तर वर्षे झाली. त्यानंतर चारचौघांत मी कधी गायलो नाही. आजचे विवेचन हे अशा ओठ हलविणाऱ्या मुलाचे आहे, हे ध्यानात ठेवून ऐकावे.

धारवाड, हुबळी, कुंदगोळ, गदग हा आपला टापू गाण्याचा. सवाई गंधर्व कुंदगोळचे, मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडजवळच्या मन्सूरचे; गंगूबाई हनगल १९१३ मध्ये धारवाडला जन्मल्या आणि २००९ मध्ये हुबळीत निवर्तल्या. भीमसेन जोशी लहानपणी गदगला भजनी मंडळींच्या आणि मिरवणुकींच्या मागे भान हरपून जात व वाटेतच कुठेतरी झोपी जात. अखेर वडिलांनी त्यांच्या सदऱ्यावर 'जोशी मास्तरांचा मुलगा' असे लिहून ठेवले, अशी आख्यायिका सर्वश्रुत आहे. गंगूबाई बालपणी रस्त्यावर वाजणारा ग्रामोफोन ऐकायला धावत जात. या कथा आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगताना एक चूक करतो. त्यांतून आपण असे गृहीत धरतो की गाणे हे निवडक मुलांचे लेणे आहे. ज्याच्याकडे ते आहे त्याला गुरू मिळावा आणि इतरांनी श्रोत्यांत बसावे. बालवर्गातील संगीताचा विचार नेमका या गृहीतकाच्या विरुद्ध टोकापासून सुरू होतो. तेथे गायक घडवायचा नसतो. तेथे मूल वाढत असते, आणि गाणे त्या वाढीला हातभार लावते.

तो हातभार कसा लागतो, हे पाहण्यापूर्वी एक भ्रम दूर केला पाहिजे. पालकसभेत हमखास येणारा प्रश्न असा : "संगीताने मूल हुशार होते ना?" या प्रश्नाचे मूळ बहुधा १९९३ सालच्या एका अमेरिकन प्रयोगात आहे. मोझार्टची एक रचना दहा मिनिटे ऐकल्यावर एका विशिष्ट चाचणीत गुण किंचित वाढले, असे त्यात आढळले. प्रयोगातील मंडळी महाविद्यालयीन विद्यार्थी होती, बालके नव्हती. आणि तो परिणाम पंधरा मिनिटांच्या आसपास ओसरला. तरीही १९९८ मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बालकाच्या घरी शास्त्रीय संगीताची ध्वनिफीत पोहोचविण्याचा प्रस्ताव मांडला! पुढे २००४ मध्ये शेलनबर्ग यांनी टोरांटोत सहा वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला. संगीताचे वर्ग घेतलेल्या मुलांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा थोडा अधिक वाढलेला दिसला. परंतु २०१३ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांना चार वर्षांच्या मुलांत असा भरवशाचा लाभ आढळला नाही, आणि २०२० मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेणाऱ्यांचा निष्कर्षही 'परिणाम अत्यल्प' असाच आला. तेव्हा गणिताचे गुण वाढावेत म्हणून कोणी मुलाला गाण्याला घालत असेल, तर त्याला प्रामाणिकपणे सांगावे की तसे आश्वासन देता येत नाही. संगीताची शिफारस त्याला न शोभणाऱ्या कारणाने करू नये. ते कारण खोटे ठरले की लोक संगीतही टाकून देतात.

मग खरे कारण कोणते? मी माझ्या विषयापासून, म्हणजे भाषेपासून, आरंभ करतो. मूल भाषा शिकते ती प्रथम शब्दांनी नव्हे, लयीने. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत ते आईचा आवाज परक्या आवाजातून वेगळा ओळखते, आणि नवजात बालकाचा मेंदू तालातील चुकलेला ठोकाही टिपतो, असे प्रयोगांनी दाखविले आहे. आपल्या आज्यांना हे प्रयोगाविना ठाऊक होते. पाळण्याची लय, जात्यावरची ओवी, 'अडगुलं मडगुलं'सारखी बडबडगीते आणि इकडच्या कानडी घरांतले जोगुळ यांत अर्थापेक्षा आघात मोठा असतो. २०१६ मध्ये सिअॅटलला नऊ महिन्यांच्या बालकांना तीन मात्रांच्या चालीची गाणी खेळत-खेळत ऐकविली; अशा बारा बैठकांनंतर त्यांचा मेंदू संगीतातील आणि त्याबरोबरच बोलण्यातील कालमापन अधिक नेमके टिपू लागला. हा शोध मला महत्त्वाचा वाटतो, कारण कालमापन हा आपल्या भाषांचा प्राण आहे. कानडीत 'बळे' म्हणजे बांगडी आणि 'बाळे' म्हणजे केळ. 'बिडु' म्हणजे सोड आणि 'बीडु' म्हणजे वसतिस्थान. स्वर लांबला की अर्थ बदलला. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद उच्चारात पुष्कळच पुसट झाला, आणि म्हणूनच शुद्धलेखनात तो आमच्या विद्यार्थ्यांना जन्मभर छळतो. घरी मराठी, अंगणात कानडी आणि शाळेत इंग्रजी असे तीन भाषांचे ओझे वाहणाऱ्या येथील मुलाच्या कानाला मात्रा मोजण्याची सवय लागणे, ही चैन नव्हे.

दुसरी गोष्ट तालाची. दादरा सहा मात्रांचा : पहिल्या मात्रेवर टाळी, चौथ्या मात्रेवर खाली. केरवा आठ मात्रांचा. त्याची खाली पाचवीवर. खालीच्या मात्रेला हात वाजवायचा नसतो, नुसता बाजूला न्यायचा असतो. मोठ्यांना यात काहीच विशेष वाटत नाही. चार वर्षांच्या मुलाला मात्र ही तपश्चर्या आहे. सगळे शरीर टाळी वाजवायला आसुसलेले असताना हात आवरायचा, मनात मात्रा चालू ठेवायची आणि सम आली की इतरांबरोबर पुन्हा टाळी द्यायची. स्वतःला आवरणे, वाट पाहणे, पुढे काय येणार ते मनात धरून ठेवणे, या शक्ती त्या वयात आकार घेत असतात आणि पुढे वर्गात बसताना त्याच उपयोगी पडतात. 'गप्प बस' असे शंभरदा बजावून जे साधत नाही, ते खालीची एक मात्रा हसत-खेळत करून घेते. बाई ही खाली शिकविताना हात असा हळुवार बाजूला नेत, की जणू तळव्यावर चिमणीचे पिल्लू बसले आहे! मुले त्या पिल्लासाठी हात आवरत.

तिसरी गोष्ट सहवासाची. २०१० मध्ये जर्मनीत किर्शनर आणि टोमासेलो यांनी चार वर्षांच्या मुलांच्या जोड्या करून एक खेळ खेळविला; काही जोड्यांनी तो गात-वाजवीत खेळला, काहींनी गाण्यावाचून. नंतर जोडीदार अडचणीत आल्यावर गाणाऱ्या मुलांनी त्याला अधिक मदत केली. कॅनडातील एका प्रयोगात (२०१२) सहा महिन्यांच्या बालकांचे दोन गट केले होते. एका गटात आई-वडील आणि बाळे मिळून गात व ठेका धरीत. दुसऱ्यात मुले खेळत असताना पाठीमागे ध्वनिमुद्रित संगीत वाजे. पहिल्या गटातील बाळे बोट दाखविणे, हात हलविणे अशा खुणांत पुढे गेली व अनोळखी परिस्थितीत कमी कुरकुरली. कपाटावर ठेवलेले यंत्र वाजते आहे आणि मुले आपापले चित्र रंगवीत आहेत, याला संगीताचा वर्ग म्हणता येणार नाही. हल्ली अनेक बालवर्गांत तेवढेच उरले आहे. आणि वर्षातून एकदा, स्नेहसंमेलनात, ध्वनिमुद्रित गाण्यावर ओठ हलविणे! त्या ओठ हलविण्याचे दुःख मला ठाऊक आहे.

वस्तुतः आपल्याकडे या विचाराची परंपरा जुनी आहे. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केला आणि १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र. माँटेसरी पद्धतीत दिसायला सारख्या पण स्वराने भिन्न अशा घंटांचा संच असतो. मुलाने त्यांच्या जोड्या लावायच्या. हा संच महाग. ताराबाईंनी आणि अनुताई वाघ यांनी माँटेसरीबाईंची दृष्टी ठेवली आणि साधने मात्र परिसरातून घेतली. गाणे, अभिनयगीत आणि तालबद्ध हालचाल यांना बालवाडीच्या दिनक्रमात जागा मिळाली ती अशी. आपल्या शेजारी गदगला पंचाक्षरी गवई आणि त्यांच्यामागून पुट्टराज गवई यांनी वीरेश्वर पुण्याश्रमात अंध मुलांना संगीत शिकविले. तेथे गाणे हे मुलाच्या जगण्याचे साधन झाले. आपल्या बालवर्गाची गरज इतकी निकराची नाही, म्हणूनच ती आपल्या लक्षात येत नाही.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतो. चार-पाच वर्षांच्या मुलाचा आवाज सहजपणे फिरतो तो पाच-सहा स्वरांत. शिक्षकाने आपल्या सोयीची पट्टी धरली तर मुले ओरडतात किंवा पुटपुटतात, आणि मग 'याला सूर नाही' असा शिक्का बसतो. या वयात पुष्कळ मुले सुरात लागत नाहीत; ऐकत आणि गात राहिली की बहुतेक लागतात. दुसरी गोष्ट, रोजची पंधरा मिनिटे आठवड्यातून एकदाच्या तासापेक्षा बरी. यासाठी संगीत विशारद हवा असे नाही. सुरात गाणारी, मुलांच्या डोळ्यांत पाहून टाळी देणारी बालवर्गाची शिक्षिका पुरे. एक पेटी आणि एक डग्गा असल्यास उत्तम. नसल्यास बाकाची फळी आहे.

बाई निवृत्त झाल्यानंतर बालवर्गाच्या वेळापत्रकातील ही पंधरा मिनिटे लेखनाच्या सरावाकडे गेली, असे मला शाळेला भेट दिली तेव्हा कळले. पालकांचा आग्रह होता, असे कारण मिळाले. पेटी कपाटात आहे. भाता फाटला आहे, परंतु सूर शाबूत आहेत. दुरुस्तीचा खर्च माजी विद्यार्थ्यांनी उचलावा आणि जूनपासून ती पंधरा मिनिटे परत मिळावीत, अशी माझी व्यवस्थापनाला जाहीर विनंती आहे. पहिल्या दिवशी मागच्या रांगेत बसण्याची मला परवानगी असावी. मी गाईन.