तडजोडीची किंमत कोण मोजतो?

तडजोड हा शब्द राजकारणात फारसा प्रतिष्ठित नाही. ‘मोडेन पण वाकणार नाही’ असे गर्जणाऱ्या नेत्याभोवती गर्दी जमते. दोन पावले मागे येणाऱ्यावर मात्र तत्त्वे विकल्याचा आरोप होतो. अमेरिकेची राज्यव्यवस्था तर वाकणे गृहीत धरूनच उभी आहे. प्रतिनिधिगृह, सिनेट आणि अध्यक्ष यांची संमती असल्यावाचून तेथे सहसा कायदा होत नाही. अध्यक्षांचा नकाराधिकार निष्प्रभ करावयाचा तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते लागतात. सिनेटमध्ये बहुतेक विधेयकांवरील चर्चा थांबविण्यासाठीच १०० पैकी ६० मते हवी असतात. इतके अडसर असलेले यंत्र परस्पर सहकार्याशिवाय चालणे कठीण होय.

हे सहकार्य एके काळी शक्य होत असे, कारण दोन्ही पक्ष एकजिनसी नव्हते. उत्तरेकडील उदारमतवादी आणि दक्षिणेकडील वर्णभेदवादी हे दोघेही डेमोक्रॅटिक पक्षात नांदत. रिपब्लिकन पक्षातही उदारमतवादी गट होता. १९६४ चे नागरी हक्क विधेयक दक्षिणेच्या डेमोक्रॅटिक सिनेटरांनी लांबलचक भाषणे करून रोखून धरले, तेव्हा रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्कसन यांनी काही दुरुस्त्या घडवून आणल्या आणि आपल्या सहकाऱ्यांना सोबत घेतले. चर्चाबंदीचा ठराव ७१ विरुद्ध २९ मतांनी संमत झाला. त्या ७१ मतांत २७ रिपब्लिकन होते. १९८३ मध्ये वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा निधी आटत चालला असता अध्यक्ष रेगन आणि सभापती ओनील यांनी करवाढ व निवृत्तीच्या वयात टप्प्याटप्प्याने वाढ असा मध्यममार्ग स्वीकारला.

पुढे दक्षिणेतील गोरे मतदार मोठ्या संख्येने रिपब्लिकन पक्षाकडे वळले आणि दोन्ही पक्ष आपापल्या विचाराच्या लोकांचेच झाले. उमेदवार प्राथमिक निवडणुकीत ठरत असल्याने सुरक्षित मतदारसंघातील प्रतिनिधीला विरोधकांपेक्षा स्वपक्षातील कट्टरांचेच भय अधिक वाटते. २०१० चा आरोग्य विमा कायदा एकाही रिपब्लिकन मताविना, तर २०१७ ची करकपात एकाही डेमोक्रॅटिक मताविना संमत झाली.

तथापि, जुन्या तडजोडींचे सरसकट गोडवे गाणेही योग्य नव्हे. १७८७ मध्ये घटनाकारांनी प्रतिनिधित्वासाठी गुलामांची संख्या तीन-पंचमांश धरली. १८७६ च्या वादग्रस्त अध्यक्षीय निवडणुकीनंतर समझोता झाला. दक्षिणेतील राज्य सरकारांना आधार देणारे उरलेसुरले केंद्रीय सैन्य हटविण्यात आले आणि कृष्णवर्णीयांचे नुकतेच मिळालेले हक्क वाऱ्यावर सोडले गेले. या दोन्ही प्रसंगी सौदा करणारे एक होते आणि त्याची किंमत मोजणारे दुसरेच.

परंतु ताठरपणाची किंमतदेखील दुसरेच मोजतात. मेक्सिकोच्या सीमेवरील भिंतीच्या खर्चावरून २०१८-१९ मध्ये केंद्र सरकारचा कारभार ३५ दिवस अंशतः ठप्प झाला. सुमारे ८ लाख कर्मचाऱ्यांचे पगार अडले. त्यांतील निम्म्याहून अधिक बिनपगारी कामावर होते. त्यांना थकलेले वेतन अखेर मिळाले. कंत्राटदारांकडील सफाई कामगारांना व पहारेकऱ्यांना तशी हमी नव्हती. २०२५ मध्ये आरोग्य विम्याच्या अनुदानावरून झालेला असाच बंद ४३ दिवस चालला. काँग्रेसच्या सदस्यांचे वेतन मात्र घटनेनेच सुरक्षित असल्याने अशा बंदात थांबत नाही.

म्हणून तडजोड झाली की नाही, एवढाच प्रश्न विचारणे पुरेसे नाही. ज्यांना चर्चेच्या मेजापाशी जागा नव्हती, त्यांच्या पदरी काय पडले, हे पाहिले पाहिजे. १९६४ ची तडजोड या कसोटीस उतरते, १८७७ ची उतरत नाही. आणि आजचा ताठरपणाही उतरत नाही. तत्त्वासाठी झीज सोसणारा नेता आदरास पात्र असतो. पण झीज कारकुनाने आणि झाडूवाल्याने सोसावी व तत्त्वनिष्ठेचा मान नेत्याने मिरवावा, याला तत्त्वनिष्ठा म्हणता येणार नाही.