आभासी वास्तव आणि मनातील भीती

वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येक पिढीला असा एखादा सोबती आठवत असेल, जो गच्चीवर कपडे वाळत घालायला जाण्याचे टाळीत असे. आमच्या खोलीतही तसा एक मुलगा होता. कठड्याजवळ गेला की त्याचे पाय थरथरत आणि तळहातांना घाम सुटे. आम्ही त्याला भित्रा म्हणत असू, आणि सांगायला लाज वाटते, पण त्याची भीती मोडावी म्हणून एकदा चौघांनी धरून त्याला कठड्यापाशी उभेही केले होते. त्यानंतर तो गच्चीचा जिनासुद्धा चढला नाही.

आमचे काय चुकले होते, हे पुढे मानसशास्त्राची पुस्तके वाचताना उमगले. ज्याची भीती वाटते ते माणूस टाळतो, टाळले की क्षणभर सुटल्यासारखे वाटते आणि हे सुटल्यासारखे वाटणेच भीतीला खतपाणी घालते. कारण ‘गेलो असतो तर काही झाले नसते’ हे अनुभवण्याची संधीच मनाला मिळत नाही. म्हणून भीतीला सामोरे जाणे हा भयगंडावरील प्रमुख उपचार ठरला. मात्र हे सामोरे जाणे पायरीपायरीने आणि रुग्णाच्या संमतीने व्हावे लागते. दक्षिण आफ्रिकेतील मनोविकारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा क्रमशः उपचाराची पद्धत मांडली. तीत रुग्णाने शरीर सैल सोडून भीतिदायक प्रसंग मनात आणायचा असे.

पण मनासमोर चित्र आणणे सर्वांनाच साधत नाही, आणि प्रत्यक्ष प्रसंगही नेहमी उभा करता येत नाही. विमानप्रवासाची भीती घालवण्यासाठी रुग्णाला दहा वेळा विमानात कोण बसवणार? रणांगण तर पुन्हा उभे करताच येत नाही. या अडचणीतून आभासी वास्तवाचा, म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटीचा, वापर सुरू झाला. डोळ्यांवर चढवलेल्या उपकरणात संगणकाने रचलेले दृश्य दिसते आणि मान वळवावी तसे ते वळते.

अमेरिकेतील अटलांटा शहरात बार्बरा रॉथबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंचीची भीती असलेल्या २० महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग १९९५ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना आभासी पूल, सज्जे आणि काचेची लिफ्ट यांतून हळूहळू वर नेण्यात आले. त्या काळची संगणकचित्रे अगदी ओबडधोबड असत. तरीही पाहणाऱ्यांची छाती धडधडे, हात घामाने ओले होत. समोरचे खोटे आहे हे बुद्धीला ठाऊक असते. शरीर मात्र आपल्या जुन्या सवयीनेच वागते. सारे मर्म येथेच आहे. ज्या शरीराला खोट्या दरीची भीती वाटते, ते खोट्या दरीसमोर निवांत होण्यासही शिकू शकते. उपचार पूर्ण करणाऱ्या १० जणांपैकी ७ जण, कोणी न सांगता, खऱ्या उंच ठिकाणी स्वतःहून जाऊन आले.

याच मार्गाने पुढे व्हिएतनाम युद्धातील माजी सैनिकांसाठी हेलिकॉप्टरचे आणि जंगलाचे आभासी दृश्य रचले गेले. न्यूयॉर्कमधील ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातून वाचलेल्यांवरही असे उपचार झाले. येथे चिकित्सक शेजारीच असतो. आवाज केव्हा वाढवायचा, केव्हा थांबायचे, हे तो रुग्णाशी बोलत ठरवतो.

उपचाराइतकाच मला या साधनाचा दुसरा उपयोग मोलाचा वाटतो, तो म्हणजे अभ्यासाचा. डॅनियल फ्रीमन यांनी लंडनमध्ये २०० सामान्य नागरिकांना आभासी भुयारी रेल्वेतून काही मिनिटांचा प्रवास घडवला. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. डब्यातील संगणकनिर्मित प्रवासी मुद्दाम तटस्थ ठेवलेले होते. ते कोणाशी वैर धरीत नव्हते की सलगीही करीत नव्हते. तरी ते कुणाला मैत्रीपूर्ण वाटले, तर कुणाला आपल्यावर टपलेले. सुमारे ४० टक्के लोकांच्या मनात निदान एक तरी संशयाचा विचार येऊन गेला. खऱ्या गाडीत असा संशय आला, तर कोणी खरोखरच रोखून पाहिले असेल, अशी शंका उरते. येथे डबा सर्वांसाठी सारखाच असल्याने फरक पाहणाऱ्याच्या मनातून आला, असे म्हणता येते.

फ्रीमन यांनीच पुढे ऑक्सफर्ड येथे उंचीच्या भीतीसाठी असा कार्यक्रम तयार केला, ज्यात मार्गदर्शकही आभासीच होता. झाडावर अडकलेले मांजर सोडवणे यासारखी कामे करीत रुग्ण वर वर जात. १०० जणांवरील या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले, उपचार मिळालेल्यांची भीती सरासरी ६८ टक्क्यांनी घटली.

तरीही हे यंत्र म्हणजे जादूची कांडी नव्हे. प्रत्यक्ष प्रसंगाला सामोरे जाण्याच्या उपचारापेक्षा ते अधिक गुणकारी असल्याचे दिसलेले नाही. साधारण तितकेच परिणामकारक आहे. काहींना उपकरण लावल्यावर मळमळते. खेळासाठी विकत आणलेले उपकरण मुलाच्या डोळ्यांवर चढवून घरीच भीती घालवू पाहणे म्हणजे आम्ही गच्चीवर केले त्याचीच पुनरावृत्ती होय.

तो मित्र अलीकडे भेटला. त्याने शहरात घर घेतले आहे, अर्थात तळमजल्यावर. मुलीची नोकरी अकराव्या मजल्यावर असून तिचे कार्यालय त्याने अजून पाहिलेले नाही. मी त्या दिवसाबद्दल त्याची क्षमा मागितली आणि हे सारे त्याला सांगितले. तो म्हणाला, “अरे, मग ते यंत्र मिळते कुठे?” मी म्हणालो, “यंत्राचे नंतर बघू. आधी तज्ज्ञाला भेट. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६ क्रमांकावर फोन केलास तर ते वाट दाखवतील.” त्याने तो क्रमांक लिहून घेतला.